तलाव ‘साफ’ करून ठेक्यानं द्या म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

माझी भाची पुण्याला नोकरीला आहे. परवा तिनं एक लांबलचक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, आबा खरंच तलाव फुकटात वापरायचे का?” आबा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं ते मच्छीमार सोसायटीचे सभासद होते. गोंदिया जिल्ह्यातल्या एका मामा तलावावर, म्हणजे पूर्वी मालगुजारांकडे (जुन्या जमीनदारांकडे) असलेल्या माजी मालगुजारी तलावावर, आमचं घर चाललं. हा मेसेज आता आमच्या ढीवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, समाजाच्या ग्रुपांवरही फिरतोय आणि आपलीच पोरं ‘बरोबर आहे’ म्हणून पुढे ढकलताहेत. म्हणून लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: तलाव सरकारचे आहेत, सरकारनं ते खुल्या लिलावानं मोठ्या ठेकेदारांना भाड्यानं द्यावेत. सोसायट्या फुकट्या आणि आळशी आहेत. ठेकेदार आधी तलाव साफ करतो, मग चांगल्या जातीचा मासा सोडतो, उत्पादन दहापट होतं. गावाला रोजगार मिळतो.

‘साफ करतो’ वाचून माझं डोकं फिरलं, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. व्यापारी मत्स्यशेतीत तलाव साफ करणं म्हणजे गाळ काढणं नव्हे. मत्स्यबीज सोडण्याआधी पाण्यात असलेला एकूणएक मासा मारायचा, त्याला साफ करणं म्हणतात. त्यासाठी मोहाची पेंड टाकतात. मत्स्यशेतीच्या पुस्तिकांत प्रमाण छापलेलं असतं: एक हेक्टर तळ्यात एक मीटर पाणी असेल तर २,५०० किलो पेंड. त्या पेंडीतलं सॅपोनिन माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. काही तासांत मासे पोटं वर करून तरंगायला लागतात. पुस्तिका त्यांना ‘नको असलेले मासे’ म्हणतात. कुणाला नको असलेले? त्यात मरळ आहे, शिंगी आहे, मागूर आहे. दुखण्यातून उठलेल्या माणसाला आमच्याकडे मरळीचा रस्सा देतात. मरळीची पिल्लं लालसर पुंजका करून पाण्यावर येतात आणि आईबाप खालून राखण करत फिरतात. आबा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभे राहून मला तो पुंजका बोटानं दाखवायचे. तो दिसला की त्या अंगाला त्या दिवशी जाळं पडत नसे, कुणीही कितीही घाई केली तरी.

स्वतःच्या शेततळ्यात कुणी असं करत असेल तर तो त्याचा प्रश्न. पण मामा तलाव म्हणजे शेततळं नव्हे. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधलेले असे साडेसहा हजारांवर तलाव पूर्व विदर्भात आहेत. एकाच तलावावर धानाच्या बांध्या भिजतात, गुरं पाणी पितात, शिंगाडा लागतो, बायका कमळाची ढेस, म्हणजे खायचे कंद, काढतात. त्या पाण्यात अडीच हजार किलोच्या हिशेबानं पेंड ओतायला निघालेल्या माणसाला तुम्ही साफसफाई करणारा म्हणता?

आणि ‘चांगल्या जातीचा मासा’ म्हणजे कोणता? गवत्या नावाचा मासा पाणवनस्पती खाऊन संपवतो, सिप्रिनस नावाचा मासा तळचा चिखल उकरून पाणी गढूळ करतो. आमच्या कित्येक स्थानिक माशांची अंडी त्याच वनस्पतींच्या आधारानं राहतात. वनस्पती गेल्या की मासे गेले, त्याला वेगळं विष लागत नाही. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं गावातल्या ढीवर बायापुरुषांना सोबत घेऊन तलावांतली बेशरम ही माजणारी वनस्पती उपटली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि स्थानिक मासे परत आणले. तलाव साफ करणं याला म्हणतात.

आता दहापट उत्पादन. हा आकडा कुठल्या तलावाचा, कुठल्या वर्षाचा, मेसेजमध्ये काहीही नाही. मी एक जागा सांगतो, नाव-गावासकट. मध्य प्रदेशात इटारसीजवळ तवा धरण आहे. त्यात ४४ गावं उठली. ज्यांची शेतं पाण्याखाली गेली, त्यांनीच त्या पाण्यात जाळं टाकलं की चोर ठरत. मासे आधी सरकारी महामंडळाकडे होते, मग खासगी ठेकेदाराकडे गेले. लोक लढले आणि १९९६ साली सरकारनं मासेमारीचा हक्क पाच वर्षांसाठी विस्थापितांच्या सोसायट्यांच्या संघाला, तवा मत्स्य संघाला दिला. त्यांनी बीज सोडलं, विणीच्या दिवसांत जाळी बंद ठेवली, राखणीला स्वतःची माणसं बसवली. काही वर्षांतच वर्षाचं उत्पादन तीनशे टनांच्या पुढे गेलं, ठेकेदाराच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त. सरकारला रॉयल्टीही मिळत राहिली. २००१ मध्ये मुदत वाढली, २००६ च्या अखेरीस संपली. ती संपली याचं कारण जलाशय व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येतो हे होतं. आळस किंवा तोटा हे नव्हतं. आदिवासी आणि मच्छीमारांना जमत नाही असं म्हणणाऱ्यानं आधी तव्याचं उत्तर द्यावं.

भाचीनं विचारलं ते फुकटचं. फुकट काहीच नव्हतं गं. सोसायटी ठेक्याची रक्कम भरते, बीजाचे पैसे भरते. पावसाळ्यात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं, सोडायची आणि मग वाट बघायची. धानाला पाणी हवं असलं की तलावाचं पाणी सुटतं, त्यात मासेवाल्याला कुणी विचारत नाही. पाऊस कमी पडलेल्या एका वर्षी आमच्या तलावात मकर संक्रांतीलाच गुडघाभर पाणी उरलं होतं. मासा बोटाएवढा. आबांनी तो तसाच काढून विकला आणि ठेक्याची रक्कम भरायला आईच्या पाटल्या मोडल्या. त्या मी बघितल्यात.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, आणि ती लिहिताना बरं वाटत नाही. काही सोसायट्या कागदावरच आहेत. दोनचार माणसं सही-शिक्के सांभाळतात आणि तलाव परस्पर बाहेरच्या व्यापाऱ्याला देऊन मोकळी होतात. सभासदाला वर्षाकाठी हातात काहीतरी टेकवलं की झालं. हे खरं आहे आणि ते बंद व्हायला पाहिजे. पण हा रोग ठेकेदार मागच्या दारानं शिरल्याचा आहे. त्यावर ठेकेदाराला पुढच्या दारानं आणायचं, हे औषध कसं झालं?

तलाव सरकारच्या बापाचे नाहीत. मालगुजारी गेली तेव्हा ते सरकारकडे आले, पण गावाचे वापराचे हक्क निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामायिक हक्कांच्या सरकारी नोंदीत, नोंदवलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयानं बियास नदीकाठच्या हॉटेलच्या खटल्यात, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ, १९९६ सालीच स्पष्ट केलं की नदी-जंगलासारख्या गोष्टींचं सरकार मालक नसून विश्वस्त आहे. वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(१)(घ) तर मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क शब्दांत लिहून देतं. तो वनात राहणाऱ्या गावांपुरता आहे, सगळ्या तलावांना लागू नाही. पण आमच्या जिल्ह्यात अशी गावं थोडी नाहीत.

राहिला रोजगार. ठेकेदार आपली माणसं आणि आपली जाळी घेऊन येतो, दोन रात्रींत मोठं जाळं ओढतो, बर्फाच्या पेट्या भरून गाडी नागपूरला निघते. गावातल्या चारपाच पोरांना पेट्या उचलायची रोजी मिळते. ज्याच्या आज्यानं त्या पाण्यात डोंगा घातला, तो पोरगा. आणि दुसऱ्या दिवशी त्याची आजी पाळीवर गळ टाकून बसली, तर ठेकेदाराचा राखणदार तिला उठवतो.