पोछा रात्रभर फिनाईलमध्ये ठेवू नका

कार्यालय असो, शाळा असो की दवाखाना, सफाईचं काम चालतं तिथे एक सल्ला हमखास ऐकू येतो आणि पुढे पाठवलाही जातो. तो साधारण असा: “काम झालं की पोछा फिनाईलच्या बादलीत बुडवून ठेवा, रात्रभरात सगळे जंतू मरतात. बादली रिकामी नसेल तर झुपका वर करून कोपऱ्यात उभा करा, हवा लागून वाळतो. वास बाहेर येऊ नये म्हणून खोलीचं दार घट्ट लावा. तरीही वास आलाच तर औषध वाढवा. बादलीतलं पाणी ओतू नका, सकाळच्या पहिल्या फेरीला चालतं.”

ऐकायला सोपं आहे, खर्चही काही नाही. पण या पाचही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि चूक एकाच ठिकाणी आहे. ओल्या सामानाचा प्रश्न औषधाने सुटत नाही. पाणी खाली निथळून जायला हवं आणि वाफ बाहेर जायला हवी. त्याला दुसरा पर्याय नाही.

“फिनाईलमध्ये बुडवला की जंतू मरतात”

जंतुनाशक काम करतं ते ठरलेल्या तीव्रतेत, आणि आधी धुऊन घेतलेल्या वस्तूवर. दिवसभर लादी पुसून आलेला पोछा यातल्या दोन्ही अटी मोडतो. त्याच्या दोऱ्यांत माती, तेलकटपणा, साबणाचा अंश, केस, अन्नाचे कण अडकलेले असतात. क्लोरीनचं द्रावण असेल तर क्लोरीन आधी या घाणीवरच खर्ची पडतं आणि जंतूंपर्यंत पोचायच्या आत संपून जातं.

क्वाट, म्हणजे क्वाटर्नरी अमोनियम जातीची औषधं, वापरत असाल तर अडचण वेगळी आहे. सुताच्या तंतूंवर ऋण भार असतो आणि क्वाटच्या रेणूंवर धन भार. त्यामुळे औषध सुतालाच चिकटून बसतं आणि बादलीतलं पाणी पातळ होत जातं. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण तुम्ही अचूक मोजून घातलेलं असलं, तरी सुती पोछा तासभर बुडाल्यावर ते प्रमाण तेवढंच उरत नाही. अशा पातळ झालेल्या द्रावणात सुडोमोनास आणि सेरेशियासारखे जीवाणू नुसते तग धरत नाहीत, वाढतातही. म्हणजे जी बादली जंतू मारण्यासाठी ठेवली, तिच्यातच ते पोसले जातात.

वाढीचा हिशेबही पाहा. ओल्या, कोमट, अन्नकणांनी भरलेल्या दोऱ्यांत जीवाणूंची संख्या तासाला दुप्पट झाली असं धरलं, तर १२ तासांत एकाचे ४,०९६ होतात. अनुकूल स्थितीत काही जीवाणू याहून कितीतरी लवकर दुप्पट होतात. सकाळी तोच पोछा लादीवर फिरला की रात्रीची सगळी पैदास खोलीभर पसरते.

योग्य क्रम असा आहे. पोछा आधी वाहत्या पाण्यात, पिळल्यावर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. मग साबणाच्या गरम पाण्यात धुऊन पुन्हा खंगाळा. जंतुनाशक हवंच असेल तर ते यानंतर, आणि ठरावीक वेळच. सुती पोछ्यासाठी ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे २० मिली एक लिटर पाण्यात घातले की साधारण १,००० पीपीएमचं (दहा लाख भागांत एक हजार भाग क्लोरीन) द्रावण होतं. त्यात १० मिनिटं ठेवा, खंगाळा, घट्ट पिळा, टांगा. रात्रभर ठेवल्याने सूत कुजकं होतं आणि पिळणीची स्प्रिंग गंजते, बाकी फायदा शून्य. मायक्रोफायबरला मात्र क्लोरीन लावू नका, त्यातला नायलॉनचा भाग क्लोरीनने खराब होतो. कपडे मऊ करणारं औषधही नको, कारण त्याचा थर बसला की तंतूंची पाणी आणि धूळ धरायची ताकद जाते.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ज्या बादलीत क्लोरीन आहे तिच्यात संडास साफ करायचं आम्ल किंवा अमोनिया असलेलं काही कधीही पडता कामा नये. आम्लाने क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाने क्लोरामाइन. बंद, लहान खोलीत दोन्ही जिवावर बेतू शकतात. रात्रभर भरून ठेवलेल्या, वर काही न लिहिलेल्या बादलीत सकाळी दुसऱ्या पाळीचं माणूस काय ओतेल हे कुणालाच ठाऊक नसतं.

अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, २००३ मध्ये आरोग्यसेवा केंद्रांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही पोछे आणि फडकी वापरानंतर धुऊन, पुढच्या वापराआधी वाळू द्यायला सांगितलं आहे. बुडवून ठेवायला नाही.

“झुपका वर करून उभा करा”

यात अर्धं खरं आहे, म्हणून ते जास्त फसवं आहे. झुपका वर असला की दोऱ्या पसरतात आणि वरचा थर लवकर कोरडा लागतो. पण आतलं पाणी जातं कुठे? दांड्यावरून खाली. झुपका जिथे दांड्याला बसतो त्या पकडीत ते साचतं, पकड गंजते, लाकडी दांडा फुगून तिथेच कुजतो. दांडा पोकळ ॲल्युमिनियमचा असेल तर पाणी आत शिरून खालच्या टोकाच्या बुचात थांबतं आणि कधीच वाळत नाही. शिवाय घाण पाणी नेमकं तिथून ओघळतं जिथे उद्या हात धरायचा आहे. झुपका भिंतीला टेकतो आणि भिंतीवर काळपट बुरशीचा पट्टा उमटतो, तो वेगळाच.

पोछा टांगायचा तो झुपका खाली ठेवून, जमिनीला किंवा भिंतीला न टेकवता, मोरीच्या वर. उंचीचा हिशेब असा. दांडा १४० सेमी आणि दोऱ्या ३५ सेमी, मिळून १७५ सेमी. खाली २० सेमी मोकळे सोडले तर दांड्याचं वरचं टोक १९५ सेमीवर येतं. एवढ्या उंच खुंटीवर रोज हात पोचवणं त्रासाचं आहे, म्हणून दांडा मधेच पकडणारी क्लिप १६५ सेमीवर बसवा. क्लिप भिंतीपासून इतकी पुढे हवी की दोऱ्या आणि भिंत यांत किमान १० सेमी अंतर राहील. दोन झुपक्यांमध्ये १५ सेमी जागा ठेवा. एकमेकांना चिकटलेले झुपके एकाच मोठ्या ओल्या गोळ्यासारखे वागतात.

टांगल्यावर एक काम हमखास राहून जातं. अर्ध्या तासात पाणी दोऱ्यांच्या टोकांशी येऊन थांबतं आणि केशाकर्षणामुळे, म्हणजे बारीक तंतू पाणी धरून ठेवतात म्हणून, तिथून पुढे गळत नाही. हातमोजे घालून फक्त ती टोकं एकदा पिळून काढा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि सकाळी ओली राहतात ती नेमकी हीच टोकं.

खाली मोरी हवी म्हणजे कठडा आणि निचरा असलेली जागा. ६० × ६० सेमी पुरते, उतार मीटरमागे १ ते २ सेमी. हात धुवायच्या बेसिनमध्ये पोछ्याचं पाणी ओतू नका. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये, म्हणजे खाद्यगृहांसाठीच्या आदर्श नियमावलीत, या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहिलेल्या आहेत: पोछ्यासाठी वेगळं सिंक किंवा कठड्याची, निचऱ्याची मोरी असावी, आणि वापरानंतर पोछा असा ठेवावा की भिंती, उपकरणं, सामान खराब न करता तो हवेवर वाळेल. मोरीच्या नळाला पाइप जोडलेला असेल तर त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं सोडू नका. नळातल्या पाण्याचा दाब अचानक उतरला तर बादलीतलं घाण पाणी नळात उलटं ओढलं जातं. नळाचं तोंड भांड्याच्या काठापासून तोंडाच्या व्यासाच्या दुप्पट, आणि किमान २५ मिमी, वर हवं. पाइप कायमचा असेल तर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

“दार घट्ट लावा, वास बाहेर येणार नाही”

पाचांपैकी सर्वांत जास्त नुकसान या सल्ल्याने होतं, म्हणून इथे नीट गणित मांडू.

१.२ × १.५ मीटरची, २.५ मीटर उंचीची खोली धरा. तिच्यात साडेचार घनमीटर हवा मावते. २५ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २३ ग्रॅम वाफ धरू शकते. हवेत आधीच ६० टक्के आर्द्रता असेल तर प्रत्येक घनमीटरमागे जेमतेम ९ ग्रॅमची जागा उरते, म्हणजे अख्ख्या खोलीत ४१ ग्रॅमची. आता समजा पिळलेल्या तीन पोछ्यांत प्रत्येकी ३०० ग्रॅम पाणी आहे. एकूण ९००. दार घट्ट लावलं तर त्यातले ४१ ग्रॅम उडतात, हवा तुडुंब भरते आणि वाळणं तिथेच थांबतं. उरलेलं साडेआठशे ग्रॅमहून जास्त पाणी सकाळपर्यंत दोऱ्यांतच असतं. दमट हवा भिंतींना, पुठ्ठ्याच्या खोक्यांना, कागदी रुमालांच्या गठ्ठ्यांना लागते, ती हानी वरची.

९०० ग्रॅम बाहेर काढायला खोलीतली हवा किमान २२ वेळा बदलावी लागते. तेही प्रत्येक वेळी हवा पूर्ण भरून बाहेर गेली तर. प्रत्यक्षात तसं होत नाही, म्हणून दुप्पट ते तिप्पट धरा. ॲश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या ६२.१ या वायुवीजन मानकात अशा सफाई खोलीसाठी चौरस मीटरमागे सेकंदाला ५ लिटर हवा बाहेर काढायला सांगितली आहे. आपल्या खोलीला ते ९ लिटर पडतं, म्हणजे तासाला साधारण ७ वेळा हवा बदलते. या वेगाने दुप्पट ते तिप्पट हिशेब ६ ते ९ तासांत पुरा होतो, अगदी एका रात्रीत. मानकातला आकडा इथे चपखल बसतो.

पण अट एकच: पंखा रात्रभर चालायला हवा. या खोल्यांतला पंखा पुष्कळदा दिव्याच्या बटणावरच जोडलेला असतो. शेवटचा माणूस दिवा घालवून जातो आणि ज्या वेळी पंख्याची गरज आहे नेमका त्याच वेळी तो बंद पडतो. वायरमनला बोलावून तो वेगळा करून घ्या. जितकी हवा बाहेर जाते तितकी आत यायलाही वाट हवी. ७५ सेमी रुंद दाराखाली २ सेमी फट ठेवली तर ९ लिटरला पुरते. आगरोधक दार असेल तर मात्र त्याला स्वतःहून फट पाडू नका किंवा जाळी बसवू नका, वाट दुसरीकडून काढावी लागेल.

पावसाळी हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की हाच हिशेब कोलमडतो. मग प्रत्येक बदलाला फक्त १५-१६ ग्रॅम पाणी जातं आणि २२ च्या जागी ५८ बदल लागतात. अशा दिवसांत नुसत्या पंख्याच्या भरवशावर राहू नका. झुपके काढून ड्रायरमध्ये वाळवा, किंवा दोन संच ठेवून एक आड एक वापरा.

रोज कुबट वास येतो म्हणून सफाई कर्मचाऱ्याला बोल लावला जातो. पंखा नसलेल्या, मोरी नसलेल्या, बंद खोलीत कितीही नीट पिळून टांगलं तरी पोछा वाळणार नाही. दोष खोलीचा आहे. ती दुरुस्त करणं व्यवस्थापनाचं काम आहे.

“वास आला तर औषध वाढवा”

आधी वास कशाचा आहे ते ओळखा. ओल्या कापडाचा तो ओळखीचा कुबट वास बहुतेकदा मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस या जीवाणूने तयार केलेल्या आम्लाचा असतो. तो पोछ्यातूनच येत असेल तर गरम पाण्यात धुणं आणि पूर्ण वाळवणं हाच उपाय. वरून सुवासिक फिनाईल ओतल्याने वास झाकतो, आणि लादीवर चिकट थर बसून धूळ आणखी धरते.

नासक्या अंड्यासारखा किंवा गटाराचा वास असेल तर पोछ्याचा काही दोष नाही. मोरीच्या जाळीखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी साठून राहणारा नळीचा वाकडा भाग, सुकलेला असतो. ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाणी उभं असतं, तेच गटाराचा वायू अडवतं. मोरी वापरात नसली की ते उडून जातं. आठवड्याला दोन लिटर स्वच्छ पाणी ओता आणि जाळीत अडकलेल्या दोऱ्या, केस काढा.

“बादलीतलं पाणी सकाळी चालतं”

चालत नाही. वरची सगळी कारणं इथेही लागू आहेत. पाणी ओता, बादली धुवा, पिळणी वेगळी काढून तिचा दांडा सैल सोडा आणि बादली जाळीच्या फळीवर उपडी घाला. सपाट फळीवर उपडी घातली तर काठाखाली ओल कोंडते.

बाकीच्या सामानाचं थोडक्यात. वायपर रबर मोकळं राहील असा टांगा, रबरावर उभा केला की पाते वाकतं आणि लादीवर पाण्याच्या रेघा सोडतं. ब्रश कधी केसांवर उभा करू नका. फडकी दांडीवर एकपदरी वाळत घाला. संडासाचं सामान वेगळ्या रंगाचं आणि सगळ्यांत खालच्या ओळीत, म्हणजे त्याचे थेंब दुसऱ्या कशावर पडणार नाहीत. लादी धुवायच्या यंत्राची घाण पाण्याची टाकी रिकामी करून झाकण उघडं ठेवा. जवस तेल असलेलं लाकडाचं पॉलिश पुसलेली फडकी मात्र या खोलीत ढीग करून टाकू नका. ती वाळताना स्वतःच तापतात आणि पेट घेऊ शकतात, त्यांना घट्ट झाकणाचा धातूचा डबा लागतो.

आपली खोली खरंच वाळवते का, हे वासावरून ठरवू नका, वजनकाट्यावर ठरवा. पूर्ण वाळलेल्या झुपक्याचं वजन एकदा लिहून ठेवा. रात्री टांगलेला झुपका सकाळी काढून पुन्हा तोला. सूत हवेतली थोडी ओल धरतंच, त्यामुळे काही टक्के फरक चालेल. १० टक्क्यांहून जास्त निघाला तर आधी पंखा रात्रभर चालला का ते पाहा, मग दाराखालची फट, मग झुपक्यांतलं अंतर, आणि सगळ्यात शेवटी पिळण्याची पद्धत.