वेटास्किविनचा तह

कॅनडातल्या एडमंटनमध्ये कुणालाही सांगा की गाडी घ्यायची आहे. तो लगेच गुणगुणायला लागतो, 'कार्स कॉस्ट लेस इन वेटास्किविन'. म्हणजे वेटास्किविन गावात गाड्या स्वस्त. रेडिओवरची जुनी जाहिरात. मी हसून सोडून द्यायचो. पण जानेवारीत आमची १७ वर्षांची गाडी सिग्नलला बंद पडली आणि ती ओळ माझ्याही तोंडी बसली.

"७० किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. पेट्रोल धरलंस का?" हिने विचारलं.

धरलं नव्हतं.

गाव जेमतेम साडेबारा हजार वस्तीचं. मूळ नाव इथल्या क्री आदिवासींच्या भाषेतलं, अर्थ 'तह झाला ते डोंगर'. क्री आणि ब्लॅकफूट या दोन जमातींचा समेट इथे झाला म्हणे. आता तिथे 'ऑटो माइल'वर शोरूमची रांग आहे आणि तह रोज होतात. हरणारा तेवढा ठरलेला.

घासाघीस मी आईच्या पदराआडून शिकलोय. चेहरा पाडायचा, 'राहू दे' म्हणायचं, उठून दारापर्यंत जायचं. मागून हाक येतेच. मी उठलो. सेल्समनने अदबीने दार उघडून धरलं. बाहेर उणे २३. हाक काही येईना. नाकातले केस गोठेपर्यंत थांबलो, मग आपणच आत येऊन विचारलं, "कॉफी मिळेल का?"

पुढे कागदपत्रांची खोली. गंजरोधक लेप, वाढीव वॉरंटी, टायरचा वेगळा विमा. पंगतीत पानावर हात आडवा धरला तरी एक जिलबी पडतेच, तसा माझ्या पानात टायरचा विमा पडला.

जुनी गाडी एक्स्चेंजला काढली, तेव्हा मात्र मला आशा होती. याच गावात स्टॅन रेनॉल्ड्स नावाचे गाड्या विकणारे होऊन गेले. गिऱ्हाइकाकडून बदल्यात जुनंपानं काय वाटेल ते घेत. जमलेल्या शेकडो गाड्या त्यांनी सरकारला देऊन टाकल्या आणि १९९२ साली हमरस्त्यालगत त्यांचं भलंथोरलं संग्रहालय झालं. गाड्या विकण्याच्या धंद्याचं याहून मोठं स्मारक काय असणार! हे सगळं मी सेल्समनला उत्साहाने ऐकवलं. तो माझ्या गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून आला.

"म्युझियम इथून पश्चिमेला," तो म्हणाला. "पाच मिनिटांवर."

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर नवी गाडी दाखवली. थंडीत इंजिन गरम ठेवायला प्लगात खोचायची वायर पुढून लोंबत होती, तिला आधी तीच दिसली.

"इलेक्ट्रिक घेतलीस? केवढ्याला?"

सांगितलं. बराच वेळ आवाज नाही. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"उठून दारापर्यंत गेला होतास ना?"

"बाहेरसुद्धा गेलो होतो, आई."