ऑक्टोबरला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा तवसं खाऊन बघा

गेल्या रविवारी देवरुखहून एसटीने पुण्याला आले. स्वारगेटला उतरेपर्यंत मांडीवर साडेतीन किलोचं तवसं होतं. शेजारच्या सीटवरच्या मुलाने आंबा घाट चढेपर्यंत धीर धरला आणि मग विचारलं, "काकू, हा भोपळा आहे का?" म्हटलं, "नाही रे, काकडी आहे." त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याची चेष्टाच करतेय.

पण ती काकडीच. कोकणात पावसाच्या सुरुवातीला परसात वेल लावतात, मांडवावर चढवतात. गणपतीत तिच्या कोवळ्या काकड्या कोशिंबिरीत जातात. ज्या वेलीवरच राहतात त्या फुगत फुगत दसऱ्यापर्यंत पिवळ्या-तांबूस होतात, साल जाड होते, आणि मग तिला कोणी काकडी म्हणत नाही, ती तवसं होते. माझ्या वहिनीने हे तवसं देताना एकच अट घातली: "बिया परत आण." ती अट काय ते पुढे सांगते.

आधी भांडण. दरवर्षी एक ऑक्टोबर उजाडला की माझ्या टाइमलाइनवर रडगाणं सुरू होतं. ऑक्टोबर हीट, घाम, कंटाळा, थंडी कधी पडणार. आणि त्याच लोकांच्या स्टोरीला परदेशातली लाल-पिवळी पानं, दालचिनी घातलेली कॉफी, भोपळ्याचा केक. माझी स्वतःची लेकसुद्धा त्यातलीच. बंगळुरूहून फोन करून म्हणाली, "आई, इथे पम्पकिन स्पाइसची बाटली मिळाली, सातशे रुपयांना." बाटलीत काय, तर दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ. अगं, तुझी आजी भोपळ्याच्या घारग्यात जायफळ किसून घालत होती, आणि ते जायफळ शेजारच्या बागेतून यायचं, ओंजळभर, फुकट. तिला भोपळ्याचा केक करायचा असेल तर खुशाल करू दे, माझं भोपळ्याशी वैर नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की आपल्या शरदाला आपण नुसतं 'हीट' म्हणून वाळीत टाकलंय, आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत वर्षातले सगळ्यात श्रीमंत पाच-सहा आठवडे पंख्याखाली बसून घालवतोय.

उकाडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पाऊस माघारी जातो, आभाळ निवळतं, जमिनीत ओल असते आणि वरून ऊन लागतं, म्हणजे घाम येणारच. आपल्या पूर्वजांनाही तो सोसवत नव्हता. 'वैद्यानां शारदी माता' असं सुभाषितच आहे, म्हणजे शरद ऋतू ही वैद्यांची आई, दुकान तीच चालवते. पण त्याच लोकांनी आयुष्य मोजायला ऋतू कुठला घेतला? 'शतं जीव शरदः', म्हणजे शंभर शरद जग. शंभर उन्हाळे जग असं कोणी कोणाला म्हटलं नाही.

असो. तवशाकडे वळू.

तवशाचं करायचं धोंडस, म्हणजे गूळ आणि तांदळाच्या रव्याचा आपला केकच. गोव्यात आणि तळकोकणात तवसळी म्हणतात, थोडा फरक आहे पण बहीणच. ज्यांना 'बेकिंग' म्हणजे इंग्रजांनी शिकवलेली गोष्ट वाटते त्यांनी हे नीट वाचा. माझ्या आईकडे ओव्हन नव्हता, वीजसुद्धा असली तर असली. तिच्याकडे जाड बुडाचं पितळी पातेलं होतं. त्यात तळाला हळदीचं पान, त्यावर मिश्रण, वर परत पान, त्यावर झाकण म्हणून परात आणि परातीत निखारे. खाली चुलीत मंद विस्तव, वर निखारे. रात्रीची जेवणं आटोपली की पातेलं चुलीवर चढायचं आणि आम्ही झोपायचो. मध्यरात्री कधीतरी त्या वासानेच जाग यायची, गूळ, तूप आणि भाजत आलेलं हळदीचं पान. सकाळी पातेलं उपडं केलं की वरून खालून तांबूस, आत ओलसर. आणि बुडाशी चिकटलेली खरवड, तिच्यावरून मी आणि दादा इतके भांडलोय की शेवटी आईने पातेलंच वाटून दिलं, डावी बाजू त्याची, उजवी माझी.

कृती विचारणार तुम्ही, तर सांगते, पण माझ्याकडे ग्रॅम नाहीत, वाट्या आहेत. आधी तवशाचं टोक कापून चाखायचं. कडू लागलं तर सगळं प्रकरण तिथेच संपतं. साल काढून, मधला गाभा आणि बिया बाजूला ठेवून किसायचं. तांदळाचा रवा (घरी धुऊन वाळवून दळलेला असेल तर उत्तमच) दोन वाट्या, तुपावर तांबूस भाजायचा. कीस तीन वाट्या, पाण्यासकट. गूळ दीड वाटी, ओला नारळ वाटीभर, चिमूट मीठ, वेलची. कीस, गूळ आणि नारळ उकळला की रवा घालून गोळा होईपर्यंत शिजवायचं, मग पातेल्यात थापून भाजायला.

पाणी घालायचं नाही. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं पण फेसबुक तेवढी सोय देत नाही. पुण्यात पहिल्यांदा केलं तेव्हा मला रवा कोरडा वाटला म्हणून मी शहाणपणाने वाटीभर पाणी घातलं. तवसं स्वतःच इतकं पाणी सोडतं की ओटीजीतून, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमधून, दीड तासाने जे बाहेर आलं ते धोंडस नव्हतं, वरून करपलेला शिरा होता. नवऱ्याने दोन घास खाल्ले आणि "चांगलं आहे, पण हे नक्की काय आहे?" असं विचारलं. यंदा शिकले. आधी पातेलं जाड लोखंडी तव्यावर ठेवून मंद गॅसवर वीस मिनिटं, म्हणजे बुडाला खरवड धरते, आणि मग ओटीजीत १८० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. आईच्या धोंडसाच्या बारा आण्यांपर्यंत पोचलंय. उरलेले चार आणे निखाऱ्यांचे, ते फ्लॅटमध्ये मिळणार नाहीत.

निखाऱ्यांवरून आठवलं. दिवाळीच्या आधी बेकरीत जाऊन नानकटाई भाजून आणणाऱ्यांची पिढी अजून फेसबुकवर आहे ना? पिठीसाखर, वनस्पती तूप, मैदा, थोडा रवा असं सगळं पिशवीत भरून न्यायचं. बेकरीतला माणूस मोठ्या परातीत तूप-साखर तळहाताने फेटायचा, पांढरं हलकं होईपर्यंत. मग मैदा, मग भराभर गोळे, ट्रेवर ओळीत. ट्रेच्या कोपऱ्यात आपल्या आडनावाची चिठ्ठी. आपला ट्रे कुठला आणि शेजारणीचा कुठला यावर डोळा ठेवून दोन तास बाकड्यावर बसायचं, आणि गरम नानकटाई पत्र्याच्या डब्यात भरताना चार मोडल्या तर त्या तिथेच खायच्या. मोडायच्याच, हे आम्ही पोरं बघून घ्यायचो. आमच्या भागातली ती भट्टी आता बंद झाली. मुंबईत तर लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना इंधन बदला असं उच्च न्यायालयानेच २०२५ मध्ये सांगितलं, आणि धुराचा विचार केला तर ते चुकीचंही म्हणता येत नाही, माझ्या शेजारी दम्याचे आजोबा राहतात. पण घरच्या ओटीजीत सोळाच्या वर नानकटाया मावत नाहीत आणि बाकड्यावर बसायला शेजारीण नसते. चवीतला फरक त्यातही असणार.

आता फिरण्याचं. शरदातली सहल म्हटलं की सगळे कासला पळतात. कास पठार सुंदर आहे याबद्दल वाद नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं, आणि तेव्हापासून आपण सगळे मिळून ते बघायला गेलो. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग आहे म्हणून निदान फुलं तरी वाचली आहेत. पण रविवारी गेलात तर तेरड्यापेक्षा माणसांच्या पाठी जास्त दिसतील. शिवाय ऑक्टोबर सरत आला की बहर ओसरलेला असतो, आणि मग "काहीच नव्हतं हो" म्हणून पोस्टी पडतात. जायचं तर सप्टेंबरात, मधल्या वारी, आणि सीतेची आसवं बघायला वाकायची तयारी ठेवून. ती निळी फुलं करंगळीच्या नखाएवढी असतात, गाडीतून दिसत नाहीत.

आमचं म्हणाल तर दसऱ्याच्या आसपास एका सकाळी आम्ही दिवे घाट चढतो. पुण्याहून सासवड तीसेक किलोमीटर. घाटात खाली मस्तानी तलाव भरलेला, वर चढलं की झेंडूची शेतं, दसऱ्याच्या तोडणीला आलेली, आणि रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका. पुरंदरचं सीताफळ. हल्ली बार्शीकडच्या कसपटे नावाच्या शेतकऱ्याने काढलेलं गोल्डन सीताफळही बाजारात खूप दिसतं, मोठं, गर भरपूर, बिया कमी, टिकतं जास्त. शेतकऱ्याला ते परवडतं, व्यापाऱ्याला ते आवडतं, त्या माणसाचं कौतुकच आहे. पण मला आपलं गावरान बियाळ लागतं. बिया तोंडात घोळवत खाल्ल्याशिवाय सीताफळ खाल्लं असं वाटतच नाही, नुसता गर चमच्याने खायचा तर रबडी काय वाईट?

तिथली एक बाई मला दरवर्षी एकच प्रश्न विचारते. किती किलो, असं नाही. "ताई, कवा खायचं?" मी म्हणते, दोन आत्ता, चार उद्या, बाकी परवा. मग ती एकेक फळ उचलते, खवल्यांमधल्या फटी बघते. फटी उघडून पिवळसर दिसायला लागल्या की डोळा पडला म्हणतात, असं फळ दोन दिवसांत पिकतं. देठापाशी अंगठ्याने हलकं दाबते आणि तीन ढीग लावते. एकही फळ आजवर चुकलेलं नाही. मला सांगा, कुठलं ॲप विचारतं हे? दहा मिनिटांत घरी येणाऱ्या डब्यात चार दगड असतात आणि दोन फुटलेली, वर ते फ्रिजमध्ये ठेवून आपण काळी करतो. आम्ही 'आत्ता'वाली दोन तिथेच दगडावर बसून खातो. बिया कागदात गुंडाळून आणतो, कारण आजी त्या वाटून उवांवर लावायची आणि डोळ्यांत गेलं तर काय होईल या धाकाने आम्हाला अर्धा दिवस डोळे मिटून बसवायची, ती भीती अजून गेलेली नाही. सासवडला संगमेश्वराच्या घाटावर कऱ्हेच्या पाण्यात पाय सोडून बसायचं, सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन घ्यायचं, येताना ओल्या भुईमुगाच्या शेंगा घ्यायच्या. त्या संध्याकाळी मीठ घालून उकडायच्या. झाली सहल. कोणाला फोटो टाकावासा वाटणार नाही अशी.

आणि हो, कोजागरी. ते मसाला दुधाचं पाकीट घेऊन गच्चीवर सेल्फी काढणं ठीक आहे, पण आमच्याकडे त्या पौर्णिमेला नवान्न. भाताची नवी लोंबी, नाचणीचं कणीस, कुरडूची फुलं आणि आंब्याचं पान असं 'नवं' दाराला बांधतात, नव्या तांदळाची खीर होते. तवशाचं धोंडससुद्धा असतं. पुण्यात मी दाराला नवं बांधलं तर सोसायटीतल्या एका आजींनी विचारलं, "कोणाला दृष्ट लागली का?"

तर वहिनीच्या बिया. तवशाचा गाभा काढल्यावर त्या धुऊन राखेत घोळवायच्या आणि वाळवायच्या, म्हणजे किडत नाहीत. माझ्याकडे राख कुठली? खालच्या इस्त्रीवाल्या दादांकडून वाटीभर कोळशाची राख मागून आणली. त्यांनी आधी विचारलं, "भांडी घासायला का?" आता खिडकीत वर्तमानपत्रावर साठ-सत्तर बिया पसरल्या आहेत, वर चिठ्ठी ठेवली आहे, 'फेकू नये', कारण आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी काल त्या जवळजवळ झाडल्याच होत्या. भाऊबीजेला जाईन तेव्हा पुडी बांधून न्यायची आहे. वहिनीने परवा फोनवर विचारलं, "किती निघाल्या?"