कुत्र्याला खुर्ची, नवरा उभा

थायलंडमधल्या चियांग माई शहरात, निम्मान भागातल्या एका गल्लीतल्या कॅफेत (नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला) परवा माझ्या नवऱ्याला खुर्चीवरून उठवलं. का, तर माणशी एक ड्रिंक घ्यायलाच हवं आणि आम्ही दोघांत एकच घेतलेलं. सकाळपासून कॉफ्या ढोसून त्याची ॲसिडिटी उसळलेली, बिचाऱ्याला फक्त टेकायचं होतं. पाण्याची बाटली घेतो म्हणाला तर पाणी ड्रिंकमध्ये धरत नाहीत म्हणे! आणि ती काउंटरवरची पोरगी हे सगळं इतकं गोड हसत, हात जोडून सांगत होती की भांडायचीही सोय नाही. पुण्यात असते तर निदान तोंडाला तोंड देता आलं असतं.

बरं, नियम तर नियम. पण शेजारच्या टेबलाशी, अगदी तसल्याच खुर्चीवर, एक कुत्रा बसला होता.

पांढरा पॉमेरेनियन, गळ्यात निळा बो, नाव मोची. बाबागाडीतून आलेला. थायलंडमध्ये कुत्र्यांना बाबागाडीतून फिरवतात, अगदी मॉलमध्येसुद्धा, त्यामुळे आत बाळ असेल म्हणून कौतुकाने वाकून बघावं तर आतून जीभ बाहेर. मोचीच्या मालकीणबाई साठीच्या, बँकॉकहून आलेल्या, मोत्यांच्या कुड्या, इंग्रजी माझ्यापेक्षा बरं. मी शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं, की ह्याला कशी काय खुर्ची?

"त्याचं ड्रिंक आहे ना," बाई म्हणाल्या आणि चक्क पावती दाखवली. बकरीचं दूध, फेसाळलेलं, ४५ बाट.

मी वैतागून म्हटलं, मग माझ्या नवऱ्यालाही हेच मागवते. हा टोमणा होता. बाईंनी तो टोमणा म्हणून घेतलाच नाही. त्यांनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं आणि विचारलं, "त्यांना दूध पचतं का?"

मी गप्प. नवरा म्हणाला, "तसं पचतं, पण रात्री जड होतं."

"मोचीला गाईचं अजिबात चालत नाही. म्हणून बकरीचं. बकरीचं हलकं." मग थोडा विचार करून, "पण तो कप तीन किलोच्या कुत्र्याला पुरतो. तुमच्या मिस्टरांना लार्ज लागेल."

आणि हे पूर्ण गांभीर्याने! पुढे त्यांनी त्याच्या जेवणाच्या वेळा विचारल्या, मोचीच्या डॉक्टरांनी काय काय बंद केलंय ते सांगितलं, त्यात तिखट आणि तळलेलं दोन्ही होतं, आणि नवरा मान डोलावत होता, मी सांगते तेव्हा ही मान कुठे असते कोण जाणे. शेवटी बाई म्हणाल्या, तुम्ही उभेच आहात तर आमचा एक फोटो काढता का? एक कसला, हा माणूस गुडघ्यावर बसून "मोची, मोची, इकडे बघ" करत तिरक्या अँगलचे, खिडकीच्या उजेडातले फोटो काढत होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एका फोटोत डोकं आणि पाय एकत्र आलेले नाहीत.

कॉफी? कॉफी उत्तम होती, तेच तर दुखणं आहे. पोरओव्हर, म्हणजे पुडीवर हळूहळू गरम पाणी ओतून गाळलेली, १४० बाट, म्हणजे आपले साडेतीनशेच्या पुढे, सोबत एक कार्ड, त्यावर लिची, संत्र्याची साल आणि काळा चहा अशा चवी लिहिलेल्या. या गावाचं कॉफीचं वेड उगाच नाहीये. इथल्या डोंगरांत पूर्वी अफू पिकायची, थायलंडच्या राजा भूमिबोलने १९६९ मध्ये रॉयल प्रोजेक्ट सुरू केला, डोंगरातल्या जमातींना अफूऐवजी भाज्या, फळं, अरेबिका कॉफी लावायला दिली. पुढे अखा जमातीतल्या ली आयूने २०१० मध्ये 'अखा आमा' हे कॅफे काढलं, आपल्याच गावच्या बिया आणि लोगोवर स्वतःच्या आईचा चेहरा. २०१७ चा लाते आर्टचा, म्हणजे कॉफीवर दुधाच्या फेसाने नक्षी काढण्याचा, जगज्जेता अर्नोन थितिप्रासेर्त, त्याचाही कॅफे निम्मानवरच. सगळं मान्य. पण अफू सोडवून लावलेली ही कॉफी अर्धे लोक पीतच नाहीत हो, फोटो काढतात, समोरची मुलगी बर्फ वितळेपर्यंत स्टूलवर चढून काढत होती, तिला कुणी उठवलं नाही, कारण तिने बिल भरलेलं. म्हणजे भाडं खुर्चीचं घ्यायचं आणि पावती कॉफीची द्यायची. तसं सरळ लिहा ना, तासाला इतके बाट.

खायच्या जागी हा जाच नाही. नाइट बाजारजवळच्या हलाल गल्लीत खाओ सोई खा, नारळाच्या दुधातली करी, त्यात अंड्याचे नूडल्स, वर तळलेले कुरकुरीत नूडल्स, बाजूला आंबवलेला मोहरीचा पाला, कच्चा कांदा, लिंबू. शुक्रवारी सकाळी तिथेच मशिदीसमोर युन्नानी (चीनच्या युन्नान प्रांतातून आलेल्या) लोकांचा बाजार भरतो. संध्याकाळी जुन्या शहराच्या चांग फुअक गेटला, म्हणजे वेशीला, काउबॉय हॅट घातलेल्या बाईंकडे डुकराच्या पायाचं मांस आणि भात, रांग लांब पण सरकते भराभर. शाकाहारी मंडळींनी पिवळ्या पताकेवरचं लाल 'เจ' (शाकाहाराची थाई खूण) शोधावं, तिथे फिश सॉस तर नसतोच, कांदा-लसूणही नसतो, सासूबाईंना इथेच आणून ठेवावं असं मनात आलं पण बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मीच हट्टाने वारोरोट बाजारात जुन्या पद्धतीच्या कॉफीच्या गाड्यावर गेले. कापडी पिशवीतून गाळलेली काळीकुट्ट कॉफी, तळाला कंडेन्स्ड मिल्क. प्लास्टिकची स्टुलं, कोण बसलंय, कोण काय पितंय, कुणाला पडलेली नाही, वर कॉफीबरोबर चहा फुकट. नवऱ्याने पाय पसरून तो चहा प्यायला, खूश. मी "वान नॉय, वान नॉय", म्हणजे साखर कमी, असं दोनदा सांगितलं, गाडीवाल्या आजींनी हसून मान हलवली आणि डब्यातून आणखी एक धार सोडली. पाक होता पाक! निम्मा तसाच ठेवून उठले तर आजींचा चेहरा पडला, आणि नवरा मलाच म्हणतोय की तू कुठेही गेलीस तरी तुझी कटकट असतेच.