सोन्याच्या नाण्यावरचं चित्र बघत कोण होतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रोमन सोन्याच्या नाण्यांवरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप असा, की ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याचं नाणं, श्रीमंतांच्या पेटीत पडून असायचा, त्यावरची चित्रं ही टांकसाळीतली सजावट, आणि मी त्यात नसलेलं राजकारण शोधतो. मला हे पटत नाही.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात एक ऑरियस म्हणजे चांदीचे 25 देनारियस. साध्या सैनिकाला वर्षाला 225 देनारियस मिळत, तेही तीन हप्त्यांत. म्हणजे एका हप्त्याचे होतात बरोबर तीन ऑरियस! पुढे सम्राट डोमिशियनने चौथा हप्ता वाढवला, तेव्हा सम्राटांची चरित्रं लिहिणाऱ्या स्वेटोनियसने त्याची रक्कम तीन सोन्याची नाणी अशीच सांगितली आहे. सैनिकाच्या पगाराचा हिशेब सोन्यात होत होता, हे विसरून कसं चालेल?

आता क्लॉडियस. इ.स. 41 मध्ये सम्राट कॅलिग्युलाचा खून झाला आणि प्रेटोरियन रक्षकांनी, म्हणजे सम्राटाच्या अंगरक्षक दलाने, क्लॉडियसला आपल्या छावणीत नेऊन सम्राट केलं. त्याने माणशी 15,000 सेस्टर्स (चार सेस्टर्स म्हणजे एक देनारियस), म्हणजे 150 ऑरियस कबूल केले. त्यानंतर लवकरच निघालेल्या त्याच्या ऑरियसवर छावणीची तटबंदी आहे, आत सैनिक उभा आहे आणि वर 'इंपेर रेसेप्ट' (साधारण अर्थ: सम्राटाचा स्वीकार) अशी अक्षरं आहेत. दुसऱ्या एका छापात क्लॉडियस ध्वजधारी रक्षकाशी हात मिळवतो. सिनेटचा, म्हणजे रोमच्या उमरावांच्या सभेचा, दोन्हींवर मागमूस नाही. गादी कुणी दिली हे इतकं उघडपणे नाण्यावर घालणारा सम्राट मला विलक्षण वाटतो.

विजयदेवतेसारखे काही छाप ठरावीक होते, तेवढं तुमचं म्हणणं मान्य. छाप नेमकं कोण निवडायचं, सम्राट की टांकसाळीचे अधिकारी, यावर अभ्यासकांतही वाद आहे. पण क्लॉडियसनंतर सम्राट झालेल्या नीरोची पहिली दोन वर्षं बघा. 54 मध्ये दर्शनी बाजूला माय-लेक समोरासमोर आहेत, आणि भोवतीचा मजकूर आईचा, आग्रिपिनाचा. नीरोचं नाव मागच्या बाजूला. 55 मध्ये दर्शनी बाजूचा मजकूर नीरोचा झाला, त्याचा चेहरा पुढे आला, आईचा त्याच्या मागे गेला आणि तिचं नाव नाण्याच्या मागच्या बाजूला सरकलं. त्यानंतर रोमच्या सोन्यावरून ती नाहीशी झाली, आणि 59 मध्ये नीरोने तिला मारवलं. सम्राटाच्या आईला असं एकेक पाऊल मागे सरकवायची हिंमत कुठला कारागीर स्वतःच्या हौसेने करेल?