मूस पडल्यानंतरचं गणित

अलास्कात गाइडशिवाय शिकारीला जाण्यावरच्या एका लेखात रायफल आणि परवान्यांची माहिती नीट आली आहे, पण मारलेल्या जनावराचं मांस जंगलातून बाहेर काढण्यावर जेमतेम दोन ओळी आहेत. लोक अडकतात ते नेमके तिथेच! मूस म्हणजे हरणांतली सर्वांत मोठी जात; मोठ्या नर मूसचं मांस 225 किलोच्या आसपास भरतं. पाठीवर एका वेळी 35 किलो धरले तर सात खेपा. जनावर मुक्कामाच्या तळापासून 3 किमीवर पडलं, तर एकट्या माणसाला सात वेळा ओझं घेऊन आणि सहा वेळा रिकाम्या हाताने परत, अशी 39 किमी चाल, तीही दलदलीतून. म्हणून आधी अंतर ठरवा, मग नेम धरा. पाण्यात उभ्या मूसवर तर गोळी झाडूच नका.

खाण्याजोगं मांस टाकून येणं तिथे गुन्हा आहे. काही भागांत ते हाडासकटच आणावं लागतं, म्हणजे ओझं आणखी वाढतं. कातडं लगेच उतरवा, मांस हवेशीर कापडी पिशव्यांत टांगा. प्लॅस्टिकमध्ये उष्णता कोंडते आणि मांडीच्या हाडालगत सड सुरू होते. कोथळ्यापासून मांस दूर, लांबून दिसेल अशा उघड्या जागी हलवा; परतताना त्यावर अस्वल बसलेलं असू शकतं. हवामान बिघडलं की न्यायला येणारं विमान काही दिवस रखडतं, तेवढा जादा शिधा हवाच. छोट्या विमानात हे सगळं एका फेरीत मावत नाही, दुसऱ्या फेरीचं आधीच बोलून ठेवा.