लेखक वेळेवर गेला पाहिजे

माझ्या कामात लेखक मेलेला लागतो. नुसता मेलेला असून भागत नाही, वेळेवर मेलेला लागतो. हे वाचून तुम्हाला आत्ता जे वाटलं तेच माझ्या सासुरवाडीला लग्नापासून वाटून राहिलंय, म्हणून आधी खुलासा करतो. मी जुन्या भयकथांचे संग्रह काढतो, संपादक म्हणून. म्हणजे जुनी मासिकं, दिवाळी अंक, कव्हर उडालेली पुस्तकं यातनं भुताखेतांच्या गोष्टी वेचायच्या, टाइप करून घ्यायच्या, प्रुफं तपासायची, वर एक गंभीर प्रस्तावना लिहायची जी कोणी वाचत नाही, आणि प्रकाशकाच्या हवाली करायचं. प्रकाशक म्हणतो कव्हरवर कवटी टाकू, मी म्हणतो कवटी नको, आणि मग कवटी येते.

आता वेळेवर मरायचं काय ते सांगतो. आपल्याकडं १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे, त्यात लेखक गेला की त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची, तोवर हक्क वारसांचा, परवानगीशिवाय हात लावायचा नाही. आधी ही मुदत पन्नासच वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर गेले १९४१ साली, त्यांची पन्नास वर्षं भरली तशी धावपळ झाली आणि १९९२ मध्ये पन्नासची साठ झाली. टागोरांबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण त्यांच्यापायी माझी सगळी भुतं दहा वर्षं जास्त आत बसली, आणि त्यांनी स्वतः भुताच्या गोष्टी लिहिल्यात म्हणून जास्त वाईट वाटतं.

त्यामुळे ३१ डिसेंबरला अख्खं नागपूर फुटाळा तलावावर असतं तेव्हा मी घरी वही घेऊन बसलेला असतो की उद्या कोण कोण सुटणार. २०२६ च्या १ जानेवारीला १९६५ साली गेलेले सुटले. डिसेंबर ६५ मध्ये गेलेला लेखक मला सख्ख्या भावासारखा वाटतो आणि जो जानेवारी ६६ पर्यंत तग धरून राहिला त्याच्याबद्दल मनात जरा कडवटपणा येतो, काय नडलं होतं तुला म्हणून, चार दिवसांसाठी आम्हाला आणखी एक वर्ष टांगलं ना. असे विचार करणं चांगलं नाही हे मला कळतं. नारायण धारप २००८ साली गेले, रत्नाकर मतकरी २०२० साली, म्हणजे धारप मोकळे व्हायला २०६९ उजाडणार आणि मतकरी २०८१, तोवर मीच कुणाच्या तरी अंगात यायच्या लायकीचा झालेला असेन.

साहेबाच्या भयकथा लेखकांचं बरं असतं. एम. आर. जेम्स गेला १९३६ साली, बेन्सन १९४०, जेकब्ज १९४३, ल फानू तर १८७३ लाच उरकून मोकळा. सगळ्यांच्या तारखा छापील, काही विचारायचं कारण नाही. आपला जुना भयकथा लेखक म्हणजे दिवसा शाळामास्तर नाहीतर पोस्टात, आणि रात्री खवीस लिहिणार तो टोपणनावानं, कारण हेडमास्तरला कळलं तर पंचाईत. टोपणनावाचा कायद्यात वेगळा हिशोब आहे, प्रकाशनापासून साठ वर्षं, पण तेवढ्यात खरं नाव उघड झालं तर पुन्हा मृत्यूपासून मोजा. आणि मराठीत टोपणनाव गुप्त राहतच नाही हो, पहिल्याच आठवड्यात लेखक स्वतः चार जणांना सांगून येतो.

मग वारस शोधायचे. पत्ता मिळतो तो साठ वर्षांपूर्वीचा, तिथं आता मोबाइलचं दुकान असतं, दुकानवाला म्हणतो मागं विचारा, मागचे म्हणतात ते पुण्याला गेले, असं करत करत कधीतरी नंबर लागतो आणि माझी खरी परीक्षा सुरू होते, कारण मला पहिलाच प्रश्न जो विचारायचा असतो तो सभ्य माणसाला विचारता येत नाही.

"नमस्कार, तुमच्या आजोबांबद्दल जरा बोलायचं होतं."

"आजोबा नाहीत हो आता."

"हो हो, तेच विचारायचं होतं, कधीपासून नाहीत?"

फोन कट.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा, हल्ली असल्या फोनवर ओटीपी मागतात. दुसऱ्यांदा फोन घेतला तर एकजण म्हणणार आमचे आजोबा कीर्तनकार होते, ते असलं काही लिहिणार नाहीत, आणि दुसरा लगेच विचारणार मानधन किती. आकडा सांगितला की पलीकडं शांतता, मग हळूच, हे महिन्याचं का? एका गृहस्थांनी परवानगी दिली पण सोबत स्वतःच्या कवितांची वही धाडली, की आजोबांच्या गोष्टीनंतर या टाका, वाचकाला तेवढाच उतारा.

गोष्ट हाती लागली तरी ती पूर्ण लागेल असं नाही. भुताच्या गोष्टी मुख्यतः अंकांमध्ये. तिकडं डिकन्सच्या काळात ख्रिसमसच्या खास अंकांत भुतं यायची, आपल्याकडं मासिक मनोरंजननं १९०९ साली दिवाळी अंक काढला आणि पुढं ती सोय आपलीही झाली, फराळ करता करता हडळ. पण हे अंक लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावरचे, त्यात आम्ल असतं, कागद आपला आपणच जळत राहतो, पान उलटलं की कोपरा हातात. उरलेलं कसर खाते. आणि कसर बरोबर शेवटचं पान खाते. परवा एक फर्मास गोष्ट सापडली, रात्र, नदीकाठ, मागून पावलं, "त्याने धीर करून मागे वळून पाहिले तों" आणि त्याच्यापुढं केशवर्धक तेलाची जाहिरात. आता हा तों घेऊन मी हिंडतोय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, आपलं विदर्भ साहित्य संघ १९२३ चं, जुना अंक म्हटला की हीच दारं वाजवायची. शेवटी एका ओळखीच्यांनी मुंबईहून त्या पानाचा फोटो पाठवला. मागं धोब्याचं गाढव होतं. लेखक सुधारक निघाला, अंधश्रद्धा किती वाईट यावर अर्धं पान. भर उन्हाळ्यात बर्डीवरच्या सगळ्या जुन्या पुस्तकवाल्यांचे पाय धरले ते गाढवासाठी.

मग प्रुफं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम आले, १९७२ मध्ये आणखी चार, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्याआधीच्या गोष्टींत नुसती टिंबं, घरांत, रात्रीं, नाहीं, कांहीं. ती ठेवली तर तरुण वाचक म्हणतो सर टायपिंग जरा नीट करून घ्या, काढली तर एखादे निवृत्त प्राध्यापक चार पानी पत्र धाडतात की तुम्ही लेखकाचा दुसऱ्यांदा जीव घेतला. त्यात आता स्कॅनवरनं अक्षरं ओळखायचं सॉफ्टवेअर आलंय. जुन्या खिळ्यांच्या छपाईतला भ आणि म त्याला एकच वाटतो. "वाड्याच्या मागील भिंतीपाशी रोज रात्रीं भूत दिसतें" हे वाक्य स्क्रीनवर कसं आलं असेल ते तुम्हीच लावून बघा. नागपुरातला कुणीही माणूस म्हणेल यात भीतीदायक काय आहे, आमच्याकडं दिवसाही दिसतं.

एक वैताग तर कोणाला सांगितलाच नाही. त्या काळी रूपांतराची चाल होती, इंग्रजीतली गोष्ट घ्यायची, गावं-नावं बदलायची, मूळ लेखकाचं नाव सांगायचं नाही. मी ते 'अस्सल मराठी' म्हणून छापलं तर कोणीतरी मूळ इंग्रजी पान माझ्या तोंडावर मारणार, त्यामुळे आधी चोरी पकडावी लागते. सवयीनं कळतं. साताऱ्याच्या वाड्यात शेकोटीची भिंतीतली जागा असते, नायक रात्री एकटाच लायब्ररीत बसलेला असतो, आणि भूत दिसलं की थरथरत्या हातानं कपाटातली बाटली काढतो आणि दूध पितो. आणि भूत यायच्या आधी खोली एकदम गारठते, हे तर हमखास साहेबाचंच. इथं मे महिन्यात पारा ४५ च्या वर, कूलरमधे गरम वारा, माणूस ओला टॉवेल डोक्यावर टाकून ही प्रुफं वाचून राहिलाय आणि समोर लिहिलंय की खोलीतली हवा अचानक बर्फासारखी थंड झाली. नागपूरकराला यात घाबरायचं काय? असं भूत कुणाकडं निघालं तर लोक डिपॉझिट देऊन घरी नेतील.

आता खरं दुखणं. माझ्या कोणत्याही संग्रहाची अनुक्रमणिका उघडा, सगळी भुतं कोकणात. मुंजा कोकणात, समंध कोकणात, गिऱ्हा कोकणात, देवचार तर त्यांचाच. विदर्भात कोण? कोणी नाही. २८ सप्टेंबर १९५३ ला विदर्भ महाराष्ट्रात घ्यायचा नागपूर करार झाला, त्यापायी हिवाळ्यात अधिवेशन आलं, दांडेकर समितीनं १९८४ साली सिंचन, रस्ते, वीज सगळ्यांचा अनुशेष मोजला, भुतांचा कोणी मोजला नाही. कारण साधं आहे, मासिकं पुण्या-मुंबईची, लिहिणाऱ्यांची आजोळं कोकणात, आणि भुताला आजोळ लागतं. वर तिकडं पाऊस, माड, आडवाटा. आपल्याकडं सरळसोट रस्ता आणि दोन्ही बाजूला कापूस, भूत लपेल कुठं? तोंडी किस्से मात्र पाहिजे तेवढे. काटोल रोडवर पांढऱ्या साडीतल्या बाईनं लिफ्ट मागितली असं मला इतक्या लोकांनी सांगितलंय की त्या बाईला आत्तापर्यंत काटोलला पोचायला पाहिजे होतं. पण पाहिलेलं कायम मामाच्या मित्रानं, आणि लिहिलेलं कोणीच नाही.

म्हणून महालातल्या माझ्या रद्दीवाल्यानं तो अंक काढून दिला तेव्हा मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून वाचला. शुद्ध नागपुरी गोष्ट. तान्ह्या पोळ्याचा दिवस, काळ्या-पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघालीय, सगळं महाल ओरडतंय ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत, मारबत नेऊन जाळतात, आणि बाहेर काढलेली ईडापीडा म्हणते की आता मी जाऊ कुठं, आणि ट्रंक घेऊन एका वाड्यात भाडेकरू म्हणून राहायला येते. माणसाच्या रूपात. भाडं देत नाही, रात्री तीनला चहा मागते, आणि मागच्या विहिरीत स्वतःशी बोलत बसते. (दरवर्षी मारबतीला आमची आई माझ्या कपाटांकडं बघूनच ते वाक्य म्हणते, तो भाग वेगळा.)

लेखकाची तारीख काढली. थोडक्यात हुकली होती. म्हणजे परवानगी घेणं आलं, आणि वारस म्हणजे लेखकाच्या सूनबाई, सत्तरी ओलांडलेल्या, त्याच वाड्यात राहणाऱ्या. मी गेलो, काकूंनी चहा दिला, संत्रा बर्फी दिली, चष्मा लावून माझ्यासमोरच अख्खी गोष्ट वाचली.

"छान लिहिलंय हो मामंजींनी. आम्हाला कधी बोललेच नाही."

"मग काकू, परवानगीचं एवढं पत्र..."

"पण भाऊ, वाडा विकून राहिलो ना आम्ही."

गोष्टीत गल्ली होती, कोपऱ्यावरचा कडुनिंब होता, विहिरीचा तुटलेला कठडा होता, आणि मी खिडकीतनं पाहिलं तर तो कठडा अजून तुटलेलाच होता. काकूंचं म्हणणं एवढंच की बिल्डरनं हे वाचलं तर चौरस फुटामागं भाव पाडून मागेल. "तुम्ही असं करा ना, तेवढं भूत कोकणात टाका. त्यांना सवय आहे." विदर्भाचं माझ्याकडचं एकुलतं एक भूत, आणि तेही तिकडं द्या म्हणतात! मी म्हटलं काकू, लेखकाच्या शब्दाला मला हात लावता येत नाही. तर म्हणे मामंजी असते तर त्यांनी लावू दिला असता, त्यांचा स्वभाव गरीब होता.

शेवटी ठरलं की रजिस्ट्री झाली की छापायचं. रजिस्ट्री अडली होती काकूंच्या चुलत दिरांपायी, आखीव पत्रिकेवर, म्हणजे जागेच्या सरकारी उताऱ्यावर, अजून आजेसासऱ्यांचंच नाव, वारस पांगलेले, अमरावतीचे भाऊजी एका मुंजीतल्या चांदीच्या पेल्यावरनं बोलतच नाहीत. वारसांची नावं चढवायला कोण कधी वारलं याचे दाखले लागतात आणि घरात कोणालाच साल आठवेना. माझ्या वहीत सगळी होती. या लेखकाचा माग काढताना त्या घरातल्या दोन पिढ्यांचे मृत्यू मी सालवार लिहून ठेवले होते. तेव्हापासून काकू मला कायदेशीर सल्लागार समजून राहिल्या, आणि चुलत दिरांना फोन मीच करतो, तुमचे वडील कधी वारले या वाक्यानं सुरुवात करूनही आता कोणी फोन ठेवत नाही, उलट मुहूर्त विचारल्यासारखे आनंदानं सांगतात.

सगळे तयार झाले. अमरावतीचे भाऊजीसुद्धा सही देतो म्हणाले, फक्त म्हणे ती गोष्ट काय आहे ती आधी व्हॉट्सॲपवर पाठवा. मी फोटो पाठवले. तासाभरात त्यांचाच फोन, आवाज चढलेला.

"हे भूत नाहीये! ट्रंक, रात्री तीनचा चहा, विहिरीवर बसणं... हे आमचे बाबा आहेत!"

मी घाबरत घाबरत काकूंना सांगितलं. काकू गव्हातले खडे काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग? भाडं तरी कुठं दिलं त्यांनी?"